प्रतीक्षा यादी : क्रमांक ४

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारला जातो. दिवाबत्ती झाली की आजी ओसरीवरून हाक देते, "आली का रं आर्डर?" दादा मोबाईल खिशात घालत म्हणतो, "नाही अजून." गेले नऊ महिने या संवादात एका शब्दाचाही फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो दादाच्या आवाजात. सुरुवातीला त्याचा जोर 'अजून' या शब्दावर असे. आता तो 'नाही'वर असतो.

माझा दादा सत्तावीस वर्षांचा आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली तो आणि मी ही पहिलीच पिढी. तो याच महाविद्यालयाचा पदवीधर. दोनदा पोलीस भरतीत उतरला. १६०० मीटर धावला, गोळा फेकला, दोन्ही वेळा लेखी परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिला. मग तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद असे मिळेल त्या पदासाठी अर्ज केले. अखेर एका कार्यालयातील वर्ग तीनच्या पदासाठी त्याची निवड झाली. म्हणजे झालीही आणि नाहीही. प्रतीक्षा यादीत त्याचे नाव चौथे आले.

प्रतीक्षा यादी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी ती नाही त्यांना सांगितले पाहिजे. निवड झालेला उमेदवार रुजू झाला नाही किंवा त्याची कागदपत्रे पडताळणीत टिकली नाहीत, तर यादीतल्या पहिल्याला बोलावतात, मग दुसऱ्याला. दादाचा नंबर लागायचा तर निवड झालेल्या चार जणांनी आपापली जागा सोडली पाहिजे. माझी आई म्हणूनच स्वतःच्या मुलासाठी नवस बोलत नाही. ज्यांची नावेही तिला ठाऊक नाहीत अशा चार मुलांसाठी ती देवापुढे हात जोडते, "त्यांना याच्याहून मोठी नोकरी लागू दे रे बाबा." दुसऱ्याचे वाईट चिंतायचे नाही आणि आपले तर व्हावे, यातून एका अडाणी बाईने काढलेली ही वाट आहे.

यादीची मुदत एक वर्ष आहे. त्यातले तीन महिने उरले आहेत. किती जण रुजू झाले, यादी सरकली की नाही, हे कळायला मार्ग नाही. दादा दोनदा कार्यालयात जाऊन आला. एकदा साहेब बैठकीला गेले होते. दुसऱ्यांदा खिडकीतून उत्तर मिळाले, "कळवू." एवढ्या एका शब्दासाठी एस. टी.चे जाण्यायेण्याचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी गेली.

या प्रश्नाशी माझाही संबंध आहे, तो लपवून लिहिणे बरे नाही. वडिलांनी ठरवले आहे की दादाला ऑर्डर आली की त्याचे आणि माझे लग्न एकाच मांडवात उरकायचे. म्हणजे ऑर्डर लांबली म्हणून मी दुसऱ्या वर्षापर्यंत पोचले. उद्या ती आली तर आनंद मला होईलच, पण तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला मिळेल की नाही, हे सांगता येत नाही. एका घरातल्या दोन मुलांची आयुष्ये एका कागदाला टांगलेली असावीत आणि त्या कागदाचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नसावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आजीला हे सारे समजावून सांगणे कठीण जाते. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. खडी फोडायला जायची. मिलोच्या लाल भाकरीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव ती अजून सांगते. ती मला म्हणाली, "आमचे हाल झाले बाई. हाताला फोड आले. पर सकाळी गेलं की मस्टरवर नाव लागायचं. असं वरीस वरीस कुणी बशीवलं नाही."

आजीच्या या बोलण्याने मला विचारात पाडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. तो कायदा सगळीकडे नीट पाळला गेला असे कोणी म्हणणार नाही. मजुरी रखडल्याच्या गोष्टी आजीकडेही आहेत. पण निदान कायद्याने एक गोष्ट मान्य केली, की रिकाम्या हाताला पंधरा दिवसांहून अधिक वाट पाहायला लावणे हा अन्याय आहे. मग तेच हात शाळा-कॉलेजात गेले, त्यांनी कुदळ सोडून लेखणी धरली, तर त्यांच्या वाट पाहण्याला काहीच मर्यादा का असू नये?

माझे म्हणणे कोणी चुकीचे समजू नये. प्रत्येक पदवीधराला सरकारने खुर्ची द्यावी, असे मी म्हणत नाही. ते शक्यच नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेहून जास्त मुले. खुल्या वर्गाला शुल्क १,००० रुपये, राखीव वर्गाला ९००. या दहा लाखांतील बहुतेकांना 'नाही' हेच उत्तर मिळणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेले होते. तक्रार नकाराची नाही. नकार मिळायला लागणाऱ्या वर्षांची आहे. 'नाही' हे उत्तर वेळेवर मिळाले तर माणूस दोन दिवस रडतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेला लागतो. 'कळवू' या उत्तराने त्याला रडताही येत नाही आणि उठताही येत नाही.

मागच्या काही वर्षांचा इतिहास पाहिला तर हे दुखणे एकट्या आमच्या घरचे नाही, हे दिसते. भरतीसाठी २०१७ साली सुरू झालेले महापरीक्षा पोर्टल तक्रारी वाढत गेल्यावर २०२० मध्ये बंद करावे लागले. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचे पेपर फुटले. म्हाडाची परीक्षा त्याच वर्षी डिसेंबरात आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. तेव्हा कित्येक मुले परीक्षेच्या गावी मुक्कामाला जाऊन पोचली होती. आणि त्याच वर्षी जून महिन्यात पुण्याजवळच्या एका तरुणाने आपले जीवन संपवले. लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन तो मुलाखतीची वाट पाहत होता. त्याच्या घरची माणसे आजही असतील, म्हणून मी त्याचे नाव लिहीत नाही. पण मुलाखतीचे पत्र वेळेवर आले असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

२०१६ मध्ये शासनाने नोकरीसाठी वयाची अट ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ३८ वरून ४३ केली. गावात तेव्हा पेढे वाटले गेले होते, असे दादा सांगतो. हेतू चांगलाच होता. पण वाट पाहण्याची मुदत पाच वर्षांनी वाढली, असाही त्याचा एक अर्थ होतो, तो कोणाच्या लक्षात आला नाही.

सरकारला दोष देऊन थांबले तर लेख सोपा होईल, पण खरा होणार नाही. दोष आपलाही आहे. आपल्याकडे 'नोकरी' या शब्दाच्या आधी 'सरकारी' हा शब्द न बोलताच ऐकू येतो. दोन वर्षांपूर्वी दादाला तालुक्याच्या दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहायचे काम मिळत होते. पगार बेताचा, पण रोख. वडील म्हणाले, "बी. ए. करून दुधाची मापं लिवणार का?" दादाने ते काम सोडले. आज पहाटे उठून तो तीन एकर कोरडवाहू रान सांभाळतो, गुरांचे बघतो, वडिलांना गुडघेदुखीमुळे न जमणारे सगळे करतो. पण पाहुणे आले की आम्ही काय सांगतो? "तो तयारी करतोय." मीसुद्धा मैत्रिणींना हेच सांगत आले आहे. 'माझा भाऊ शेती करतो' असे म्हणायला माझी जीभ का अडखळते? 'तयारी' या एका शब्दाखाली आपण धडधाकट, कष्टाळू माणसे झाकून ठेवली आहेत.

आणि वाट पाहणारे केवळ बाकावर बसतात असे नाही, ते फळ्यापुढेही उभे असतात. आम्हाला शिकवणारे एक सर सेट उत्तीर्ण आहेत. तासिका तत्त्वावर काम करतात. जितके तास तितके मानधन. अनैच्छिक बेकारी म्हणजे काय, हे शिकवताना ते व्याख्या सांगून थांबले आणि हसले. वर्ग हसला नाही. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही. फक्त मी तक्रार केली असे लिहू नकोस." त्यांनी खरेच कधी तक्रार केलेली नाही. म्हणून मी करते.

मागणी फार मोठी नाही. जाहिरातीतच लेखी परीक्षेची, निकालाची आणि नेमणुकीची तारीख द्यावी आणि ती पाळावी. प्रतीक्षा यादी दर महिन्याला किती सरकली, ते जाहीर करावे. परीक्षा रद्द झाली तर शुल्क मागावे न लागता परत मिळावे. या तीन गोष्टींना नवीन इमारत लागत नाही की नवीन खाते लागत नाही.

महाविद्यालयालाही एक विनंती आहे. दरवर्षी स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेल्या माजी विद्यार्थ्याचा आपण सत्कार करतो. तो जरूर करावा. पण एखाद्या वर्षी अशा माजी विद्यार्थ्यालाही बोलवावे, ज्याने पाच वर्षे तयारी केली, ज्याला यश आले नाही आणि जो आज दुकान, शेती किंवा दुसरे काही करून ताठ मानेने जगतो आहे. आमच्यापैकी बहुतेकांना त्याच्याच अनुभवाची गरज पडणार आहे. ते हिशेबानेच दिसते.

मी स्वतःपुरते ठरवले आहे. पदवीनंतर दोन वेळा परीक्षा देईन, मन लावून देईन. तिसऱ्यांदा फॉर्म भरणार नाही. हे वडिलांना सांगितले आहे. लग्नाचे अजून सांगितलेले नाही. तो धीर हा लेख छापून आल्यावर येईल, अशी आशा आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दादाच्या यादीची मुदत संपलेली असेल. ऑर्डर आली असेल किंवा नसेल. लेख देण्याआधी मी त्याला वाचायला दिला. त्याने शांतपणे वाचला आणि म्हणाला, "दूध संकलन केंद्रावर परवा जाऊन आलो. जागा अजून आहे म्हणतात. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी जाणार." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "आजीला तेवढं आत्ताच सांगू नको."

मी आजीला सांगितलेले नाही. तुम्हाला मात्र सांगते आहे.