चार लहान राष्ट्रें आणि आमचा कापूस

मुक्त व्यापार म्हणजे सर्व जकाती उठवून दरवाजे सताड उघडणें, अशी समजूत आमच्यांत रूढ आहे. ती कितपत खरी, हें पाहण्यास युरोपांतील मुक्त व्यापार संघाकडे वाचकांनीं अवश्य लक्ष द्यावें.

हा संघ १९६० सालीं स्टॉकहोम येथील करारानें जन्मास आला, तेव्हां त्यांत ब्रिटन धरून सात राष्ट्रें होतीं. बहुतेक पुढें युरोपच्या मोठ्या संघांत गेलीं (ब्रिटन तेथूनही बाहेर पडलें, तो विषय निराळा). आज स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिक्टेनस्टाइन हीं चारच उरलीं आहेत. शेवटच्या दोहोंची लोकसंख्या एकत्र केली, तरी २०११ च्या शिरगणतींतील आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या एकषष्ठांशही भरत नाहीं!

संघाची रचना शेतकऱ्याच्या मुलास चटकन् समजेल. शेजाऱ्यांनीं मधले धुरे मोकळे करावे, पण रस्त्याकडील कुंपण ज्यानें त्यानें आपल्या मर्जीप्रमाणें ठेवावें, असा हा प्रकार आहे. लिक्टेनस्टाइननें मात्र १९२३ च्या करारानें आपलें शेत स्विस कुंपणांतच घातलें.

या चौघांशीं भारतानें १० मार्च २०२४ रोजीं करार केला, व तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलांत आला. पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरचें भांडवल येथें आणण्याचें उद्दिष्ट त्यांत आहे. आकडा डोळे दिपविणारा खरा. आम्हांस मात्र दुसरीच गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. स्वित्झर्लंडनें १ जानेवारी २०२४ पासून कारखान्यांच्या मालावरील जकात आपण होऊन उठविली, परंतु शेतमालावरील कायम ठेविली. नॉर्वेच्या जनतेनें १९७२ व १९९४ असें दोनदां मोठ्या संघांत जाण्याचें नाकारलें, आणि विरोधांत तेथील शेतकरी व कोळी आघाडीवर होते. भारतानेंही या करारांत दूधदुभतें व सोयाबीन राखून ठेविलें, हें योग्यच झालें.

मग कापसासच निराळा न्याय कां? दारव्ह्यास हा प्रश्न नवा नाहीं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे येथून गेली ती वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या वाटेस लावण्यासाठींच; भाव ठरविणारे मात्र समुद्रापलीकडे बसत. आतां राज्य आपलें आहे. तरीही परदेशी कापसावरील अकरा टक्के जकात १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ झाली, म्हणजे नेमकी वेचणीच्या हंगामांत. त्याच हंगामाकरितां सरकारनें लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागें ८,११० रुपये हमीभाव बांधला होता. एका हातानें आधार द्यावा व दुसऱ्यानें कुंपण काढावें, याची संगती आम्हांस लागत नाहीं.

गिरण्यांची अडचण खोटी नव्हे. त्याच ऑगस्टांत अमेरिकेनें भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात चढविली, व कापडाच्या धंद्यास तिची झळ लागली. तथापि गिरण्यांस साह्य तिजोरींतून करतां येतें. तें कास्तकाराच्या पदरांतून कां करावें? माफी द्यावयाचीच झाली तर शेतकऱ्याच्या घरांतील कापूस विकला गेल्यावर, उन्हाळ्यांत द्यावी, आणि तिची तारीख पेरणीपूर्वीं जाहीर करावी, एवढें आमचें मागणें आहे.