हक्क साथीपुरता, देयक कायमचे

२१ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा शासकीय दरांच्या कक्षेत आणल्या. विलगीकरण कक्षास दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता विभागास ७५००, कृत्रिम श्वसनयंत्रासह ९०००. जून २०२१ मध्ये नांदेड-लातूरसाठी हेच दर ३०००, ५५०० व ६७०० झाले. किनवटचा वा औशाचा शेतकरी रुग्णालयाच्या खिडकीपाशी प्रथमच कायद्याचा आधार घेऊन उभा राहू शकत होता; निदान कागदावर तरी. महागडी औषधे व सीटी स्कॅनसारख्या तपासण्या या दरांबाहेरच होत्या आणि देयक फुगण्याची वाट तेथूनच जात होती.

या हक्काचा पाया कोणता? १८९७ चा साथरोग अधिनियम आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम. म्हणजे साथ ओसरली की हक्कही ओसरणार! ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोरोनेतर रुग्णांपुरते हे दरनियंत्रण रद्द ठरविले. एकाच छताखाली कोरोनाबाधितास संरक्षण आणि हृदयविकाराच्या रुग्णास मागतील तो दर, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. दोष न्यायालयाचा नव्हे. शासनापाशी कायदाच नव्हता. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारला नाही. जानेवारी २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले खरे. परंतु भिंतीवरचे दरपत्रक दर सांगते, त्यास आवर घालीत नाही.

प्राणवायू, कर्मचारी, कर्जाचे हप्ते यांचा खर्च शासकीय दरांत भागत नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. मग खर्चाचा हिशेब खुला करून दर ठरविण्यास विरोध का असावा?

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. अनेक रुग्ण बाहेरून अत्यवस्थ स्थितीत आले होते, असे प्रशासनाने सांगितले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करवून घेतले. छायाचित्रे झळकली. परंतु हे रुग्ण आधी कोणाच्या दारी गेले होते आणि तेथून का पाठविले गेले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली? तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, मग डॉक्टर शासकीय असो वा खासगी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. त्याची नोंद ठेवणारी आणि जाब विचारणारी यंत्रणा जिल्ह्याच्या ठिकाणी उभी करणारा कायदा विधिमंडळाने करावयाचा आहे. आणि तो पुढची साथ येण्यापूर्वी.