अँटेना आणि स्वयंपाकघरातला डबा

गावी काकांच्या विहिरीला पाण्याची पातळी कळवणारं यंत्र बसवायचं ठरलं, म्हणजे मीच ठरवलं. रात्री वीज आली की मोटर लावण्याआधी काका बॅटरी घेऊन विहिरीपर्यंत चालत जातात, आणि वाटेत साप असतात. ८६५-८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. डबी छोटी दिसावी म्हणून मी तांब्याच्या १ मिमी जाड तारेचा फक्त १ सेंटिमीटर व्यासाचा लूप केला, कपॅसिटर लावून जुळवला. नॅनोव्हीएनएवर एसडब्ल्यूआर १.१! प्रत्यक्षात विहिरीवरून घरापर्यंत एकही संदेश आला नाही. "अरे, तुझं मशीन बघायला जाण्यापेक्षा मी पाणीच बघून येतो," इति काका.

एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला, हा गैरसमज आपण कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधूनच घेऊन येतो. ५० ओहमचा डमी लोडसुद्धा १:१ दाखवतो की! तो नुसता गरम होतो.

खरा हिशोब नंतर मांडला (आधी मांडायला हवा होता, असो). त्याच तारेचा २ सेंमी व्यासाचा लूप घेतला तर रेडिएशन रेझिस्टन्स साधारण ०.२१ ओहम आणि तांब्याचा रोध ०.१५. म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती हवेत जाते. व्यास निम्मा केला की तांब्याचा रोध निम्मा होतो, पण रेडिएशन रेझिस्टन्स थेट सोळावा हिस्सा, ०.०१३! कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या आसपास. त्यात कपॅसिटरचा ०.३ ओहम धरला तर जेमतेम साडेतीन टक्के. माझा छान जुळलेला लूप म्हणजे एक चिमुकला हीटर होता.

लहान अँटेनाच्या मर्यादा व्हीलरने १९४७ मध्ये आणि चू यांनी १९४८ मध्ये मांडल्या. आकार घटला की बँडविड्थ झपाट्याने आवळते. त्यामुळे इवल्याशा अँटेनाची बँडविड्थ ऐसपैस दिसली तर मी आता खूश होत नाही, शक्ती कुठे जळतेय ते शोधतो.

त्यासाठी व्हीलरचीच १९५९ ची युक्ती आहे. अँटेना धातूच्या पत्र्यावर ठेवायचा आणि वर धातूचा डबा पालथा घालायचा, तरंगलांबी भागिले २π एवढ्या त्रिज्येचा. इथे ती साडेपाच सेंमी येते, म्हणजे आईचा स्टीलचा डबा चालतो. डबा घातल्यावर आलेख जवळजवळ हललाच नाही तर समजायचं, शक्ती बाहेर जातच नव्हती. माझा हलला नाही.

आता विहिरीवर मोठी डबी आहे, ८.६ सेंमीची सरळ तार आणि खाली चार तारांचं ग्राउंड. संदेश येतात. काकांचं मत, पहिली डबी दिसायला बरी होती.