दुसऱ्याचं ते कार्टून!

परवा भिवंडीला घरी 'डीमन स्लेयर' बघत होतो. आई म्हणाली, "अरे, बशीएवढे डोळे, आणि नाक कुठाय?"

भिंतीवर आमचं वारली चित्र. दोन त्रिकोण, वर एक गोल, झाला माणूस! तिथे नाक कोण शोधतं? लहानपणापासून बघतोय ना.

अतिशयोक्ती ही मला तरी लिपीच वाटते. १९६३ मध्ये तेझुकाचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आला तेव्हा पैसे कमी, म्हणून चित्रंही कमी. मग भावना दाखवायला मोठे डोळे कामी आले. लिपी येत असेल तर रडू येतं, नाहीतर हसू.

आईच्या मालिकेत सासूचा चेहरा तीनदा झूम झाला की मीही हसतोच की! आईला ते आवडत नाही, हे आत्ता कळतंय. असो. आज तिची मालिका बघणार, न हसता.