सायकलीची पत आणि नावाची पत

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. तो पुण्याच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. सिंहगडाच्या आसपासच्या वाटांवर फिरण्यासाठी त्याला माउंटन बाइक हवी होती. २०२१ मध्ये घेतलेली, परदेशी नावाची एक वापरलेली सायकल त्याने पाहून ठेवली होती. मालक तिचे पंचाऐंशी हजार मागत होता. तेवढ्याच पैशात कमी वलयाच्या कंपनीची कोरी सायकल, त्याच जपानी गिअरांसह, मिळत होती. मग ही जुनी कशासाठी, असे विचारता तो म्हणाला, "सर, या नावाला रीसेल आहे. उद्या विकली तरी पैसे निघतील."

मनुष्य सायकल घेऊ पाहत होता आणि बोलत होता मात्र प्लॉट घेतल्यासारखे. तथापि त्याच्या म्हणण्याला हसून भागणार नाही. माझ्या लहानपणी पुण्यातही रॅले सायकलीला जुन्या बाजारात देशी सायकलीपेक्षा चार पैसे अधिक मिळत. व्हेब्लेनने १८९९ साली मांडलेला दिखाऊ उपभोगाचा सिद्धांत येथे अंशतःच लागू पडतो. अधिक उपयोगी ठरतो तो जॉर्ज अ‍ॅकरलॉफचा १९७० मधला निबंध. त्याने उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींचे. विकणाऱ्याला गाडीतली खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीचे मालक बाजारातून निघून जातात. अशा बाजारात नाव हे तपासणीची जागा घेते. माउंटन बाइकच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. पोलादी फ्रेम वाकली तर सहसा डोळ्यांना दिसते. कार्बनच्या फ्रेममधली चीर रंगाखाली लपून राहू शकते. दगडधोंड्यांतून उतरलेल्या सायकलीचा पूर्वेतिहास मालकाखेरीज कोणास कळणार? तेव्हा ज्याला फ्रेम वाचता येत नाही, तो नाव वाचतो.

प्रश्न एवढाच की, हे नाव नेमकी कशाची हमी देते? त्यासाठी या सायकलीचे कुळ-मूळ पाहिले पाहिजे.

ती जन्मली भंगारातून. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, टॅमलपायस डोंगराच्या उतारावर, १९७०च्या दशकात काही तरुण जाड टायरांच्या जुनाट सायकली घेऊन सुसाट खाली येत. १९७६ पासून तेथे शर्यती होऊ लागल्या. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. या खटाऱ्यांना त्यांना आवडणाऱ्या फ्रेम होत्या शिकागोच्या श्विन कंपनीच्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या, मोडीत निघालेल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी फ्रेम बांधली, १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची याने बांधलेल्या फ्रेमवर धंदा मांडला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टम्पजंपर' बाजारात आणली. तिची फ्रेम जपानमध्ये तयार झाली होती. म्हणजे मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या या पहिल्याच माउंटन बाइकमध्ये कल्पना एका देशाची, घाम दुसऱ्या देशाचा आणि नाव तिसऱ्याच कोणाचे, अशी वाटणी झालेली होती.

पुढे काम तैवानकडे गेले. १९७२ मध्ये तेथे स्थापन झालेल्या जायंट आणि मेरिडा या दोन्ही कंपन्या स्वतःच्या नावाने सायकली विकतात, तशाच इतरांच्या नावानेही बनवत आल्या आहेत. २००१ मध्ये मेरिडाने स्पेशलाइज्डचा मोठा हिस्साच विकत घेतला. एका कारखान्यातून निघाल्या म्हणून सगळ्या सायकली सारख्या होत नाहीत, हे मान्य. नळीची जाडी, सांध्यांची रचना, तपासणीची कसोशी यांत अंतर असते. पण मग ग्राहकाने किंमत मोजावी ती या अंतराची. ते अंतर त्याला कोणी दाखवीत नाही. त्याला दाखवले जाते ते नाव.

आणि नावाचे काय होते हे पाहायचे असेल, तर ज्या श्विनच्या भंगारातून हा सारा प्रकार सुरू झाला तिचीच कहाणी पाहावी. १८९५ पासूनची ही घराण्याची कंपनी. या नव्या सायकलीचे महत्त्व तिला वेळेवर उमगले नाही. १९८० मध्ये शिकागोच्या कामगारांनी संप केला. १९८३ मध्ये तेथील कारखाना बंद पडला आणि काम जायंटकडे गेले. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली, २००१ मध्ये पुन्हा. त्यानंतर 'श्विन' हे नाव दुसऱ्याने विकत घेतले आणि ते मोठ्या दुकानसाखळ्यांतल्या स्वस्त सायकलींवर दिसू लागले. कारखाना गेला, कारागीर गेले, मालक घराणे गेले. उरले ते नाव, आणि त्याला मात्र गिऱ्हाईक मिळाले. रीसेल म्हणायची तर ती ही!

बरे, नाव टिकले तरी सायकलीची किंमत टिकते काय? ज्यांच्या नावावर विसंबून ग्राहक अधिक पैसे मोजतो, तेच उत्पादक ती किंमत मोडतात. तीस-पस्तीस वर्षे माउंटन बाइकचे चाक २६ इंची होते. २०१३-१४च्या सुमारास बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते सोडून २७.५ आणि २९ इंची चाके धरली. मोठे चाक खडबडीत वाटेवर सुलभ चालते हे खरे आहे. पण कालपर्यंत ज्या फ्रेमला मान होता ती रातोरात जुनाट ठरली. पाठोपाठ मागच्या हबची रुंदी १४२ मिलिमीटरवरून १४८ वर गेली. सहा मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढ्या या फरकाने आधीची महागडी चाके नव्या फ्रेममध्ये बसेनाशी झाली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात घसारा हा वापराने होतो असे आम्ही शिकवीत आलो. येथे घसारा झाला तो कंपनीच्या आरेखन विभागात, सायकल घरात झाकून ठेवलेली असतानाही.

यात भर बाजाराच्या लहरींची. २०२०-२१च्या महासाथीत सायकलींचा तुटवडा पडला आणि वापरलेल्या सायकलींनाही भाव आला. २०२३ पर्यंत कंपन्यांची गोदामे तुंबली आणि कोऱ्या सायकलीच सवलतीत निघू लागल्या. माझ्या विद्यार्थ्याला भेटलेला मालक २०२१ची किंमत मनात धरून बसला आहे, यात त्याचा दोष नाही. त्याला विकताना जे आश्वासन मिळाले तेच तो पुढे विकतो आहे. मात्र फ्रेमची जी आजीवन हमी म्हणून मिरवली जाते, ती अनेक कंपन्यांच्या बाबतीत पहिल्या खरेदीदारापुरती असते. दुसरा मालक, जो बहुधा बेताच्या मिळकतीचा असतो, नावाची किंमत देतो आणि नावामागची हमी त्याला मिळत नाही. जुन्या रॅलेची गोष्ट वेगळी होती. तिचा प्रत्येक भाग कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ठाऊक होता, आणि तिच्या भावामागे त्या मिस्त्रीचे ज्ञान उभे होते.

नावाच्या झगमगाटात आणखीही काही दिसेनासे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने तैवानमध्ये बनलेल्या जायंटच्या सायकली बंदरात अडवण्याचा हुकूम काढला. स्थलांतरित मजुरांना कर्जात जखडणे, वेतन अडकवणे, बेसुमार जादा काम, अशी कारणे त्याने दिली. कंपनीने या हुकुमाविरुद्ध दाद मागण्याचे जाहीर केले. निकाल काहीही लागो, जुन्या बाजारात सायकलीच्या गिअरांची, काट्याची, रंगाच्या ओरखड्यांची चौकशी होते. ती कोणत्या हातांनी बनवली याची होत नाही, कारण ते तिच्यावर लिहिलेलेच नसते.

ते लिहिले जावे, असा कायदा का नसावा? फ्रेमवर प्रत्यक्ष बनवणाऱ्या कारखान्याचे नाव हवे. हमी मालकाशी नव्हे, फ्रेमशी बांधलेली हवी. हब, बेअरिंग, सांधे यांचे सुटे भाग ठरावीक वर्षे मिळण्याचे बंधन हवे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू व मोटारवाहने ही क्षेत्रे पुढे ठेवली. ज्या देशात कोट्यवधी माणसे सायकलीवर कामाला जातात, तेथे या यादीत सायकल आठवू नये, हे आपल्या नियोजनकारांच्या दृष्टीविषयी बरेच सांगून जाते.

विद्यार्थी निघाला तेव्हा त्याच्या खिशात मालकाला विचारायच्या प्रश्नांची चिठ्ठी होती: मागच्या हबची रुंदी किती, फ्रेमची हमी माझ्या नावावर होईल काय, आणि आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला ती एक दिवस उघडून पाहू द्याल काय.