कॉम्प्युटर रुसला तर...

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? प्लग हलवून बघतो, मग मिक्सर उलटा करून तळाचं लाल बटण दाबतो. लगेच दुकान गाठत नाही. मग कॉम्प्युटर अडला की मात्र "अहो, बघा ना जरा" अशी हाक का मारायची?

सुरूच होत नसेल तर आधी वायरी आणि बटणं बघा. मॉनिटरचं बटण वेगळं असतं. सासूबाईंच्या झाडूने टेबलाखालच्या बोर्डाचं बटण बंद होतं, हे कळायला मला दुरुस्तीवाल्याला दोनशे रुपये मोजावे लागले! मंद चालत असेल तर 'रीस्टार्ट' करा. 'शट डाऊन' नव्हे बरं का. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज बऱ्याच मशीनवर शट डाऊन करताना काही भाग तसाच जपून ठेवतं. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. खरकटी भांडी झाकून ठेवणं आणि घासून पालथी घालणं, एवढा फरक. प्रिंटर अडला तर रांगेत साचलेली जुनी कामं रद्द करून तो बंद-चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. नववीच्या मुलांचे मार्क सोमवारी द्यायचे होते. पीडीएफ करून देणारं काहीतरी फुकटचं शोधत होते, तेवढ्यात सगळा स्क्रीन लाल झाला आणि भोंगा वाजू लागला. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा.' घरात मी एकटी. साठ मुलांचे मार्क डोळ्यांपुढे आले आणि मी तो नंबर फिरवला, खोटं कशाला सांगू! पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता. एक ॲप घ्या म्हणाला, म्हणजे तो तिकडून दुरुस्त करील. मग विचारलं, "बँकेचं काम याच कॉम्प्युटरवर करता ना?" तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. फोन ठेवला आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं.

दोन दिवस घरात काही बोलले नाही. बी.ए. झालेली बाई, मुलांना शिकवते, आणि अशी फसते! शेवटी ह्यांना सांगितलं. हे जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "गेल्या वर्षी मीही असाच फोन केला होता."

तर ध्यानात ठेवा. तो लाल स्क्रीन म्हणजे नुसतं एक वेबपान असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केप बटण दाबून धरा, नाहीतर आल्ट आणि एफ-४ एकदम दाबा. तरी हटेना, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून येणाऱ्या यादीतून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना 'जुनी पानं परत आणू का?' असं विचारलं तर नाही म्हणा. मग विंडोजमध्येच असलेल्या सिक्युरिटीने एकदा तपासणी करून घ्या.

आणि एखादीने त्या माणसाला आत घेतलंच असेल, तर आधी इंटरनेट तोडा. बँकेला कळवा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, ते ॲप काढून टाका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सरकारी नंबरवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितके ते पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. नवरा काय म्हणेल, याचा विचार नंतर.

मार्कांची एक प्रत आता मी पेनड्राइव्हवर ठेवते, डाळीच्या डब्याशेजारी. आणि १९३० हा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे, गॅसवाल्याच्या नंबराखाली.