भेंडवळचा घट आणि घरचा चित्रपट

आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर सध्यां एक मोठा कागद डकवलेला आहे, आणि त्याच्या जवळून जाणारा घरांतला प्रत्येक जण पेन्सिल उचलून त्यांत कांहीं तरी दुरुस्ती करून जातो. कागद आमच्या पुतण्याचा. तो पुण्यास चित्रपटकला शिकत आहे, आणि वर्षअखेर पंधरा मिनिटांचा एक लघुपट स्वतः करून दाखविल्याखेरीज त्याची सुटका नाहीं. विषय त्यानें आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतलाच घ्यावा, असें सर्वांनीं सुचविलें. आणि सुचविणाऱ्यांपैकीं जवळजवळ सर्वांनीं लोणारचें नांव घेतलें.

लोणारविषयीं फार लिहावयास नको. उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर, त्यांतलें खारें पाणी, गांवांतलें दैत्यसूदनाचें देऊळ, आणि २०२० च्या जून महिन्यांत एकाएकीं गुलाबी झालेला तो जलाशय, हें सारें चित्रास योग्य आहे यांत शंका नाहीं. पण तेथें इतके कॅमेरे येऊन गेले आहेत कीं, विद्यार्थ्यानें तेथें जाऊन आणावें असें काय उरलें, हें आम्हांस समजेना. त्यालाहि समजेना. अखेर आमच्या शेताचें पाहणारे गृहस्थ एके दिवशीं तूर पोंचवावयास आले असतां सहज म्हणाले, "भेंडवळची मांडणी काहून नाहीं घेत?" आणि विषय ठरला.

भेंडवळ हें जळगांव जामोद तालुक्यांतलें गांव. तेथें अक्षय्यतृतीयेच्या सायंकाळीं गांवाबाहेरच्या शेतांत घट मांडतात. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं चंद्रभान महाराज वाघ ह्यांनीं ही प्रथा घातली असें सांगतात, आणि आजहि ती वाघ घराण्यांतच चालत आली आहे. जमिनीवर गोल आखून त्याच्या कडेनें अठरा धान्यें मांडावयाचीं: गहूं, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, अशीं. मध्यभागीं खड्डा, त्यांत मातीचीं चार ढेंकळें. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. ढेंकळांवर पाण्यानें भरलेली घागर, आणि तिच्यावर पापड, पुरी, भजीं, करंजी, कुरडई. पान-सुपारी म्हणजे राजा, पुरी म्हणजे पृथ्वी, भादली म्हणजे रोगराई. हें सर्व मांडून झालें कीं मंडळी निघून जातात, आणि रात्रभर तेथें कोणीहि फिरकावयाचें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सूर्योदयाच्या सुमारास परत येऊन कोणतें धान्य कोठें सरकलें, कोणतें ढेंकूळ किती भिजलें, पान जागेवर आहे कीं हललें, हें पाहून वर्षाचें भाकीत मोठ्यानें सांगतात. तें ऐकावयास दूरदूरचे शेतकरी पहाटेपासून शेतांत उभे असतात.

वाचकांपैकीं कित्येकांच्या ओंठांवर ह्या ठिकाणीं हंसूं आलें असेल. अंधश्रद्धा निर्मूलनाचें कार्य करणाऱ्यांनीं ह्या भाकितावर टीका केली आहे, आणि ती अनाठायीं आहे असें आम्हीहि म्हणणार नाहीं. पण आमच्या पुतण्यानें भिंतीवरच्या कागदावर जी पहिली ओळ लिहिली ती आम्हांस आवडली. त्यानें लिहिलें होतें: "हें ऐकून शेतकरी दुसऱ्या दिवशीं काय करतो?" जूनच्या पहिल्या सरीवर विश्वासून बी टाकलें आणि मागाहून पावसानें दडी मारली, कीं दुबार पेरणी, म्हणजे बियाणें गेलें, खत गेलें, कर्ज मात्र दुप्पट झालें. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नका, असा कृषि खात्याचा सल्ला असतो. तो सल्ला ऐकणारा आणि भेंडवळला जाऊन उभा राहणारा, हे पुष्कळदां एकच गृहस्थ असतात. सरकारी वेधशाळेची स्थापना १८७५ ची. मोसमी पावसाचा तिचा पहिला अंदाज १८८६ चा. आज एप्रिल महिन्यांत ती सबंध देशाचा अंदाज देते, आणि जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर धरते. पण देशाच्या सरासरीवरून जळगांव तालुक्यांतल्या अमुक शेतावर मृगांत पाऊस पडेल कीं नाहीं, हें कळत नाहीं. आणि शेतकऱ्याला तेवढेंच हवें असतें. त्या रिकाम्या जागेंत घट येऊन बसला आहे.

संशोधनाचा भाग मुलांना नेहमीं कंटाळवाणा वाटतो. ह्यालाहि वाटला. प्रथम तो बुलढाण्यास जाऊन जुने कागद शोधावयास निघाला होता. आमच्या थोरल्या बंधूंनीं त्याला थांबविलें. जळगांव आणि खामगांव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होते. तेव्हां त्यापूर्वींच्या नोंदी पाहावयाच्या असतील तर वाट अकोल्याची धरली पाहिजे. १९१० सालचें बुलढाण्याचें गॅझेटियर त्यानंतर चाळावें. एवढ्या एका गोष्टीनें मुलाचे दोन दिवस वांचले, आणि बंधूंचा भाव घरांत फारच वाढला.

दुसरें काम अधिक किचकट. गेल्या दहा वर्षांचीं भाकितें वर्तमानपत्रांतून छापून आलेलीं आहेत. तीं उतरून काढून प्रत्यक्ष पावसाशीं ताडून पाहावयाचीं. येथें आम्हीं एक अट घातली. पावसाचे आंकडे उघडण्यापूर्वीं भाकितांचा तक्ता पुरा करावा, आणि कोणत्या शब्दाचा अर्थ काय धरावयाचा हेंहि आधींच लिहून ठेवावें. कारण ह्या भाकितांत "साधारण", "लहरी", "मोघम" असे शब्द फार. पीक मोघम येईल, असें म्हटलें कीं तें आलें काय आणि न आलें काय, दोन्हीं खरें! आंकडे समोर ठेवून अर्थ लावावयास बसलें तर सश्रद्धाला सगळें जुळलेलें दिसेल आणि आमच्या बंधूंना सगळें चुकलेलें. तक्ता अजून पुरा झालेला नाहीं, म्हणून त्याचा निकाल येथें देतां येत नाहीं.

चित्रणाची आंखणी ही ह्या विषयांत विशेष अवघड गोष्ट आहे, कारण प्रसंग वर्षांतून एकदांच येतो. नट चुकला तर त्याला पुन्हां उभें करतां येतें. अक्षय्यतृतीया पुन्हां उभी करतां येत नाहीं. तिथी कधीं एप्रिलांत, कधीं मे महिन्यांत. २०२४ सालीं ती १० मे रोजीं होती, २०२५ सालीं ३० एप्रिल रोजीं. त्या दिवसांत विदर्भाचें ऊन कॅमेऱ्याला सोसत नाहीं. तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते, आणि मग शेतांत मिट्ट काळोख. म्हणजे प्रकाश मिळणार तो सायंकाळीं तासभर आणि पहाटे तासभर. त्यांतच घट मांडणारे हात, शेतकऱ्यांचे चेहरे आणि भाकीत, सर्व टिपावयाचें. आवाजासाठीं स्वतंत्र माणूस हवाच. प्रश्नोत्तरांत शेतकऱ्यांनीं वऱ्हाडींत दिलेलीं उत्तरें जशींच्या तशीं ठेवावीं, पुस्तकी मराठींत त्यांना पुन्हां बोलावयास लावूं नये, हें आम्हीं बजावून सांगितलें आहे.

खर्चाचा प्रश्न निघाला तेव्हां घरांत अर्थातच दादासाहेब फाळके आठवले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनीं हा उद्योग आरंभिला, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, फिल्मला भोंकें पाडलीं आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाकहि केला. हें सांगितलें जातांच आमच्या वहिनीसाहेबांनीं आपल्या बांगड्या पदराखालीं घेतल्या! पण मुलाच्या उपयोगाची खरी गोष्ट निराळीच आहे. हरिश्चंद्रापूर्वीं फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून त्याचें रोप रोज थोडें थोडें चित्रित केलें, आणि अंकुर वाढतांना पडद्यावर दाखविला. तेवढ्याच लहानशा पटावर त्यांना पुढचें भांडवल मिळालें. उमेश कुलकर्णी ह्यांनीं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें शिकत असतां केलेली ‘गिरणी’ घ्या: लहानशा घरांत आईनें आणलेली पिठाची गिरणी आणि तिनें गांजलेला मुलगा, बस्स. २०२४ सालीं कान महोत्सवांत विद्यार्थ्यांच्या विभागांत पहिला आलेला चिदानंद नाईक ह्यांचा लघुपट तर चार दिवसांत चित्रित झालेला. म्हातारी कोंबडा पळविते आणि गांवांत सूर्यच उगवत नाहीं, एवढी ती कन्नड लोककथा.

वाटाण्याच्या ह्या गोष्टीनेंच मुलाच्या मनांत नको ती कल्पना भरविली. एके रात्रीं जेवणें झाल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, रात्रीं शेतांत कोणीच नसतें. बांधावर एक लहानसा कॅमेरा दडवून ठेवला, मिनिटाला एक चित्र घेतलें, तर धान्य कशानें सरकतें तें सगळ्यांना दिसेल. कोणाला कळणारहि नाहीं."

बंधूंना ही कल्पना एकदम पटली. मुंग्या, उंदीर आणि वारा ह्यांचीं छायाचित्रें निघालीं कीं साडेतीनशें वर्षांचा हा खेळ एका रात्रींत निकालांत निघेल, असें त्यांचें म्हणणें. विज्ञानाला दार बंद करण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं, असेंहि ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. आम्ही दोन दिवस ह्या प्रश्नावर घुटमळलों.

शेवटीं आम्हांस वाटलें तें असें. जेथें कोणी नाहीं अशी ती रात्र आहे, आणि चोरून ठेवलेला कॅमेरा म्हणजे कोणी तरी असणेंच. जी वस्तु टिपावयास गेलों तीच मोडून आलों, असें होईल. मुंगी दाणा ओढून नेते हें ठाऊक नसलेला शेतकरी आम्हांस अजून भेटावयाचा आहे. शिवाय ज्यांनीं परक्या पोराला विश्वासानें आपल्या शेतांत घेतलें, त्यांच्या पाठीमागें असें करून जें मिळेल तें खरें असलें तरी त्याच्या संग्रहीं ठेवण्यालायक नाहीं. विचारून परवानगी मिळाली तर आनंदच. मग बंधूंच्या मुंग्या अवश्य घ्याव्या. न मिळाली तर पडदा काळा ठेवावा आणि दूर उभें राहून जो आवाज येईल तो ऐकवावा. बंधूंनीं ह्याला भित्रेपणा म्हटलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं कागदावरचा "गुप्त कॅमेरा" त्यानें खोडला आणि तेथें "विचारणें" असें लिहिलें.

खरी भर घातली ती आत्याबाईंनीं. त्यांचें वय ऐंशींच्या पुढें. ह्या सगळ्या चर्चेंत त्या वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "अरे, घटावरच्या त्या कुरडया आणि करंज्या करतें कोण? आदल्या दिवशीं चूल कोणाची पेटते?" कोणालाच उत्तर देतां आलें नाहीं. वर्तमानपत्रांत भाकीत सांगणाऱ्यांचीं नांवें येतात, ऐकणाऱ्यांची गर्दी येते; तळणाऱ्या बायका येत नाहींत. मुलानें लगेच उठून कागदावरचा आरंभ बदलला. आतां पट शेतांत सुरू न होतां कोणत्या तरी स्वयंपाकघरांत, कढईपाशीं सुरू व्हावयाचा आहे. अर्थात् त्या घरच्या बायकांनीं आंत येऊं दिलें तर. त्यांच्याशीं बोलावयास पुतण्याबरोबर त्याच्या वर्गांतली एक मुलगीहि जाणार आहे.

भेंडवळला पाठवावयाच्या पत्राचा मसुदा तयार आहे. मुलानें तें मोबाईलवरून धाडण्याचें ठरविलें होतें. आत्याबाईंनीं कागदावर, शाईनें लिहावयास लावलें आणि मायना दोनदां बदलविला. मुक्काम किती दिवसांचा, बॅटऱ्या किती, पिण्याचें पाणी बरोबर न्यावें कीं काय (पूर्णाकांठच्या त्या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट लागतें), ह्या गोष्टी ठरल्या. गाडीनें उतरावयाचें तें नांदुऱ्याला कीं शेगांवला, ह्यावर मात्र अजून एकमत नाहीं. बंधू नकाशा दाखवून नांदुरा म्हणतात. आत्याबाई शेगांव म्हणतात; आणि त्यांनीं आपलीहि पिशवी भरून ठेविली आहे.